आधी छप्पर, मग कूलर
गरीब कुटुंबाच्या घरातील उष्णता व ऊर्जेचा खर्च कमी करण्याचे उपाय

रोहिणी नक्षत्र लागले की गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादक पऱ्ह्यांच्या जागेची मशागत, बियाण्याची निवड आणि बांध्यांची डागडुजी यांकडे वळतो. याच सुमारास, २५ मेच्या आसपास, नवतपा सुरू होतो. नवतपाचे ऊन सर्वांत कडक, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव आहे व त्यास भूगोलाचाही आधार आहे. गोंदिया सुमारे साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो. पाऊस अद्याप दूर असतो, आकाश निरभ्र असते आणि पारा ४५ अंशांच्या वर जातो.

या दिवसांत श्रीमंताच्या व गरिबाच्या अंगणात ऊन सारखेच पडते. परंतु घरात शिरणारी उष्णता मात्र सारखी नसते. तेंदूपाने तोडून किंवा उन्हाळी धानाच्या कापणीवरून दुपारी घरी परतणाऱ्या मजुरास विसावा हवा असतो. त्याच्या डोक्यावर टिनाचे पत्रे असतील, तर घर हेच भट्टी बनते. मग तो उसनवारी करून कूलर आणतो. कूलरने विजेचे देयक वाढते, आणि छप्पर तापलेलेच राहिल्यामुळे सुख मात्र थोडेच मिळते. प्रस्तुत लेखाचे सांगणे एवढेच की, घर थंड ठेवण्यासाठी पहिला रुपया छपरावर खर्च करावा, यंत्रावर नव्हे. आणि गरीब कुटुंबास मदत द्यावयाची तर तीही याच क्रमाने द्यावी.

उष्णता घरात कोठून येते

वैद्य रोगाचे मूळ शोधून मगच औषध देतो. तोच नियम घरासही लागू आहे. सूर्य डोक्यावर असताना उभ्या भिंतीवर ऊन फारच थोडे पडते. जवळजवळ सर्व मारा छपरावर होतो. भिंतींपैकी सर्वाधिक तापते ती पश्चिमेची, कारण दुपारी तीननंतर उतरते ऊन तिच्यावर सरळ पडते. म्हणून उपाययोजनेचा क्रम ठरून जातो : प्रथम छप्पर, नंतर पश्चिमेची भिंत, त्यानंतर दारे-खिडक्या आणि सर्वांत शेवटी पंखा व कूलर.

छपराच्या प्रकाराप्रमाणेही फरक पडतो. टिनाचा पत्रा पातळ असतो. तो उन्हाबरोबर लगेच तापतो व तापलेल्या तव्याप्रमाणे खाली उष्णता फेकतो. सिमेंटचा स्लॅब हळूहळू तापतो, परंतु दिवसभर साठविलेली उष्णता रात्री खोलीत सोडतो. म्हणून स्लॅबच्या घरात मध्यरात्रीपर्यंत झोप लागत नाही. मातीच्या कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, आणि जाड मातीच्या भिंती उष्णता आत येण्यास विलंब लावतात. झाडीपट्टीतील जुनी घरे उन्हाळ्यात सुसह्य असत ती याच कारणामुळे.

मग लोकांनी कवेलू का सोडले, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर लोकांच्या अज्ञानात शोधू नये. माकडे छपरावर उड्या मारून कवेलू फोडतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे लागते. त्यासाठी मजूर मिळत नाही, आणि कवेलू घडविणारे कारागीरही कमी होत आहेत. पत्रा एकदा ठोकला की पाच-दहा वर्षे चिंता राहत नाही. म्हणून "पत्रे काढून टाका" असा उपदेश करणे व्यर्थ होय. आहे ते छप्पर थंड कसे करावे, हे दाखविणे हेच कार्यकर्त्याचे काम आहे.

असलेल्या छपरावर करावयाचे उपाय

१. पांढरा लेप : पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो व काळपट पृष्ठभाग ते शोषून घेतो. स्लॅबवर चुन्याचे दोन हात देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. छप्पर झाडून व धुऊन वाळू द्यावे. कळीचा चुना मोठ्या लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात रात्रभर विरवावा. या वेळी पाण्यात थोडा थोडा चुना टाकावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये, कारण तो उसळून अंगावर उडतो. मुलांना दूर ठेवावे व डोळे सांभाळावेत. विरलेला चुना गाळून, चिकटपणासाठी त्यात डिंक किंवा सरस मिसळून सकाळी लावावा. पहिला हात वाळल्यावर दुसरा आडवा द्यावा. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षी मार्च महिन्यात करावे.

टिनाच्या पत्र्यावर मात्र चुना, विशेषतः मीठ घातलेला चुना, लावू नये; त्याने पत्रा गंजून लवकर खराब होतो. पत्र्यासाठी छपरावर लावावयाचा पांढरा रंग मिळतो, तो वापरावा. तो महाग पडतो, परंतु अनेक वर्षे टिकतो. पत्र्यावर चढताना खालच्या लाकडी वाशाच्या रेषेत फळी टाकून तिच्यावरूनच चालावे.

२. तट्ट्यांचे छत : पत्र्याखाली सुमारे एक फूट अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधावे. पत्रा व तट्टा यांमधील हवा कोंडून राहता कामा नये. म्हणून दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत वरच्या अंगास झरोके ठेवावेत व उंदीर-पाखरे येऊ नयेत म्हणून त्यांस जाळी लावावी. गरम हवा झरोक्यांतून बाहेर जाते आणि पत्र्याची आच सरळ अंगावर येत नाही. बांबू हिवाळ्यात तोडून काही आठवडे तलावाच्या पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील गोडवा निघून जातो व त्यास भुंगा कमी लागतो. माजी मालगुजारी तलावांच्या या जिल्ह्यात त्यासाठी पाण्याची वाण नाही. वनहक्क कायदा, २००६ अन्वये ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तेथील बांबू ग्रामसभेच्या अखत्यारीत आहे. अशा गावांनी गरजू घरांसाठी काही बांबू राखून ठेवावा व तट्टे विणण्याचे काम गावातील बुरड कारागिरांस द्यावे.

तणसाचा थर छतावर टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तणस उष्णता अडविते हे खरे. परंतु ते चटकन पेट घेते आणि ओले झाल्यास कुजते. चूल पेटणाऱ्या घरात तणस छपराजवळ मुळीच ठेवू नये.

३. मांडव व वेल : पश्चिमेच्या भिंतीपासून तीन-चार फूट अंतरावर मांडव घालून त्यावर जांभूळ किंवा करंजाच्या फांद्या टाकाव्यात. पावसाळ्यात त्याच मांडवावर दोडका, वाल, भोपळा चढवावा. घरास भाजी मिळते व भिंतीवर पावसाचा मारा बसत नाही. छपराची वळचण भिंतीपासून निदान दोन फूट पुढे असावी. दक्षिणेकडील वळचणीचा आणखी एक लाभ आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो. त्यामुळे जी वळचण उन्हाळ्याचे ऊन अडविते, तिच्याखालून हिवाळ्याचे कोवळे ऊन ओसरीत येते.

दारे-खिडक्यांचे वेळापत्रक

या उपायास एक पैसाही पडत नाही. उन्हाळ्यात रात्री व पहाटे दारे-खिडक्या उघड्या ठेवून थंड हवा घरात घ्यावी. सकाळी नऊच्या सुमारास त्या लावून घ्याव्यात आणि पश्चिमेच्या खिडकीवर ओले गोणपाट टांगावे. सूर्यास्तानंतर पुन्हा सर्व उघडावे. टिनाच्या घरात मात्र वरचे झरोके दिवसाही उघडे असावेत, अन्यथा उष्णता कोंडते.

कूलर कोरड्या हवेतच काम देतो. त्याच्या समोरची एक खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत केवळ दमटपणा वाढतो. पाऊस सुरू झाल्यावर कूलरमधील पाणी बंद करून केवळ वारा घ्यावा व टाकी कोरडी करावी. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते.

डिसेंबर-जानेवारीत याच जिल्ह्यात कडाक्याची थंडी पडते. तेव्हा दाराखालील फटी गोणपाटाने बुजवाव्यात, पण वरचे झरोके बुजवू नयेत. बंद खोलीत शेगडी किंवा निखारे ठेवून झोपणे प्राणघातक आहे. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो व झोपेतच माणूस दगावतो.

विजेचा हिशेब

शेतकरी पिकाचा खर्च मांडतो, तसा विजेचाही मांडावा. समजा, एका घरात ७५ वॉटचा एक पंखा दिवसाला १५ तास, १८० वॉटचा एक कूलर १० तास आणि ६० वॉटचे दोन जुने दिवे ५ तास चालतात. महिन्याचा वापर पुढीलप्रमाणे होईल :

पंखा – सुमारे ३४ युनिट
कूलर – ५४ युनिट
दिवे – १८ युनिट
एकूण – १०६ युनिट

घरगुती वीजदराचा पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंतचा आहे. त्यापुढील प्रत्येक युनिटास बराच अधिक दर पडतो. आता त्याच घरात ९ वॉटचे एलईडी दिवे लावले, जुना पंखा बिघडल्यावर त्याजागी सुमारे ३० वॉटचा बीएलडीसी पंखा बसविला आणि छप्पर थंड झाल्यामुळे कूलर १० ऐवजी ६ तास चालविला, तर हिशेब असा होतो :

पंखा – सुमारे १४ युनिट
कूलर – सुमारे ३२ युनिट
दिवे – सुमारे ३ युनिट
एकूण – सुमारे ४९ युनिट

म्हणजे निम्म्याहून अधिक बचत. सर्व वस्तू एकदम घेण्याची आवश्यकता नाही. आधी दिवे बदलावेत, नंतर छप्पर पांढरे करावे आणि पंखा त्याच्या वेळेस बदलावा.

चुलीचे इंधन

घरातील ऊर्जा म्हणजे केवळ वीज नव्हे. सरपणासाठी रानात जाणारी स्त्री या खर्चाचा मोठा वाटा आपल्या श्रमाने भरते, आणि चुलीचा धूर तिच्या डोळ्यांत व छातीत जातो. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब कुटुंबांत गॅसजोडणी पोहोचविली. तथापि सिलिंडर भरून घेण्यास पैसा नसल्यास चूल पुन्हा पेटते. म्हणून कोणतेही इंधन असो, ते कमी कसे लागेल हे पाहावे.

भात हे आपले मुख्य अन्न आहे व तो शिजविण्यास तणसाची पेटी उत्तम काम देते. जाड लाकडी खोके किंवा टोपली घेऊन तळाशी व चहूबाजूंस निदान चार इंच जाडीचे कोरडे तणस दाबून भरावे आणि मध्ये भांड्याच्या आकाराची जागा ठेवावी. तांदूळ अर्धा तास भिजवून, उकळी आल्यावर पाच मिनिटे झाकण ठेवून शिजवावा. मग भांडे झाकणासह पेटीत ठेवून वर तणस भरलेली उशी दाबावी. सुमारे तासाभरात भात आपल्याच उष्णतेवर शिजतो. तो गरम असतानाच खावा, पेटीत दिवसभर ठेवू नये. पेटी चुलीपासून दूर असावी व भांड्यास निखारा चिकटलेला नाही हे पाहावे.

ज्यांच्याकडे चार-पाच मोठी जनावरे आहेत, त्यांनी दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राचा विचार करावा. त्यास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो आणि मळी शेतास मिळते.

उन्हाळ्यात स्वयंपाक शक्यतो ओसरीच्या टोकास किंवा परसातील छपरीत करावा. म्हणजे चुलीची आच झोपण्याच्या खोलीत येत नाही.

शासकीय मदत : काय आहे व काय उणे आहे

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. तीत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार व डोंगराळ, दुर्गम आणि नक्षलप्रभावित भागांत १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले. घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी रमाई व आदिवासींसाठी शबरी या घरकुल योजना आहेत. २०२५ साली राज्य शासनाने घरकुलाच्या अनुदानात ५० हजार रुपयांची वाढ केली व त्यातील १५ हजार रुपये सौरसंचासाठी ठेवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एक किलोवॉटच्या सौरसंचास ३० हजार रुपयांचे केंद्रीय अनुदान ठरले. स्लॅबवर बसविलेला सौरसंच वीज देतो व तेवढ्या भागावर सावलीही धरतो.

घरकुल योजनेतील घर ठेकेदाराने नव्हे, तर लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे असते. ही मोठी संधी आहे. पाया आखतानाच घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेस ठेवाव्यात, समोरासमोर खिडक्या घ्याव्यात, छतालगत झरोके सोडावेत व छज्जे विसरू नयेत. जुन्या घराचे फुटके कवेलू टाकून न देता, अभियंत्याच्या सल्ल्याने स्लॅबवर चुन्याच्या कोब्यात वापरता येतात. हा विचार पहिल्या हप्त्याच्या वेळी झाला तर खर्च नगण्य. घर उभे राहिल्यावर मात्र भिंत फोडावी लागते.

उणीव आहे ती जुन्या घरांबाबत. १९८५ ते २०१६ या काळातील इंदिरा आवास योजनेत नव्या घरांबरोबरच कच्च्या घरांच्या सुधारणेसाठीही निधीचा काही भाग खर्च करण्याची सोय होती. त्यानंतरच्या योजनेत नव्या बांधणीवर भर आहे. परिणामी, ज्याचे नाव यादीत नाही, किंवा ज्यास पूर्वीच घर मिळाले पण ते तापते व गळते, अशा कुटुंबास छपराच्या दुरुस्तीसाठी हात पुढे करावयास जागा राहत नाही.

इतरत्र या दिशेने पावले पडली आहेत. अमेरिकेत तेलटंचाईनंतर १९७६ साली गरीब कुटुंबांची घरे हवामानास तोंड देण्याजोगी करून देण्याचा कार्यक्रम कायद्याने सुरू झाला. त्याचा लाभ सत्तर लाखांहून अधिक घरांना मिळाला आहे. तेथे प्रथम घराची तपासणी होते व ज्या कामाने अधिक बचत होते ते आधी केले जाते. आपल्या देशात अहमदाबाद शहराने मे २०१० मधील भीषण उष्णतेच्या अनुभवानंतर २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला व पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगण राज्याने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. शहराच्या झोपडीस जे उपयुक्त ठरते, ते गोंदियाच्या टिनाच्या घरास का ठरू नये?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यासाठी कार्यक्रम

जानेवारी : २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडावा. टिनाच्या घरांची यादी करावी. एकटे वृद्ध, तान्हे मूल, गरोदर स्त्री किंवा दीर्घ आजारी असलेले घर यादीत प्रथम असावे. बांबू तोडून तलावात टाकण्याची व्यवस्था करावी.

फेब्रुवारी : घरोघर जाऊन छप्पर, पश्चिमेची भिंत, झरोके, दिवे व चूल पाहावी आणि प्रत्येक घरासाठी करावयाची तीन कामे लिहून द्यावीत. छपराचा रंग व तट्टे यांचा खर्च ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात मांडता येईल काय, हे तपासावे.

मार्च : प्रात्यक्षिक घ्यावे. अर्ध्या बांधीत खत टाकून अर्धी तशीच ठेवावी, तद्वत एखाद्या सार्वजनिक इमारतीच्या स्लॅबचा अर्धा भाग पांढरा करून अर्धा तसाच ठेवावा. दुपारी तीन वाजता लोकांना दोन्ही भागांखाली उभे करावे. हजार शब्दांनी जे पटत नाही, ते क्षणात पटते. त्यानंतर सावड करून यादीतील घरांचे काम उरकावे. ज्याच्या घरी हात नाहीत, त्याचे छप्पर गावाने रंगवावे.

एप्रिल व मे : मांडव व तट्टे पूर्ण करावेत. नवतपात यादीतील घरांना रोज भेट द्यावी. कोणी भ्रमिष्टासारखे बोलू लागले, अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर त्यास सावलीत घेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जून : मृगापूर्वी गळती, वळचण व झरोक्यांची जाळी तपासावी.

समारोप

खरीप हंगामाची तयारी आपण उन्हाळ्यात करतो. उन्हाळ्याची तयारी मात्र ऊन अंगावर आल्यावर सुरू करतो. हा क्रम बदलावयास हवा. गोठ्यातील बैल उन्हात तडफडू नये म्हणून जो शेतकरी छपरी घालतो, तो आपल्या वृद्ध आईच्या डोक्यावरील तापलेल्या पत्र्याकडे दुर्लक्ष करणार नाही. काय करावे हे त्यास वेळीच कोणी सांगावयास हवे. ते सांगणे, आणि ज्याच्यापाशी साधन नाही त्याच्या छपरापर्यंत गावाची व शासनाची मदत पोहोचविणे, हे कार्यकर्त्याचे कर्तव्य होय. येत्या होळीपूर्वी आपल्या गावातील निदान पाच घरांची छपरे पांढरी झाली, तर कामास चांगला आरंभ झाला असे समजावे.